सात तारांचा साधक : व्हायोलिनवादक टी. चौडय्या



बेंगळुरूला जाण्याचा योग आला, तर मल्लेश्वरमलगतच्या व्यालिकावल भागाकडे अवश्य वळा. आडव्या ठेवलेल्या प्रचंड व्हायोलिनसारखी दिसणारी एक इमारत तेथे तुमच्या दृष्टीस पडेल. तारा, खुंट्या, घोडी आणि गज हे सारे त्या वास्तूच्या रचनेतच साकारलेले आहे. हजाराहून अधिक श्रोत्यांची सोय असलेले हे सभागृह १९८० साली खुले झाले. के. के. मूर्ती आणि त्यांची अकॅडमी ऑफ म्युझिक ही संस्था यांच्या परिश्रमांतून ते उभे राहिले, आणि त्याला नाव देण्यात आले ते म्हैसूरचे व्हायोलिनवादक तिरुमकूडलू चौडय्या यांचे. एखाद्या वादकाचे स्मारक त्याच्या वाद्याच्याच आकारात बांधले जावे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

ख्रिस्ती मासिकात या गृहस्थांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. चौडय्या ख्रिस्ती नव्हते. परंतु त्यांच्या जीवनातील मुख्य प्रश्न आज आपल्या प्रत्येक मंडळीत वेगळ्या रूपाने उभा आहे. उपासनेच्या वेळी हार्मोनियमच्या शेजारी आता कीबोर्ड आला आहे, इलेक्ट्रिक गिटार आली आहे. गिटार वाजवणारा तरुण मनासारखा नाद मिळावा म्हणून वर्षानुवर्षे धडपडतो. तारा बदलतो, ॲम्प्लिफायर बदलतो, आणि एके दिवशी गिटारच बदलून मोकळा होतो. मागच्या बाकावरील वडीलधाऱ्यांना ही उधळपट्टी वाटते. आधीची गिटार काय वाईट होती, असे ते विचारतात. या तरुणाची तगमग खरी आहे आणि वडिलांची शंकाही खरी आहे. दोघांनीही चौडय्यांची कथा वाचावी, अशी आहे.

परक्या वाद्याचा प्रवास

प्रथम या वाद्याविषयी थोडेसे. व्हायोलिन हे वाद्य युरोपचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते दक्षिण भारतात रुजले. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी दीक्षित यांनी मद्रासच्या परिसरात युरोपियन वादकाकडून ते शिकून घेतले आणि कर्नाटक संगीतासाठी वापरले. तंजावरच्या दरबारातील वडिवेलू यांनी त्याचा लौकिक आणखी वाढवला.

येथे मराठी वाचकाचे कान टवकारतील. सतराव्या शतकात बेंगळुरू ही शहाजीराजे भोसले यांची जहागीर होती. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास तंजावरचे अधिपती झाले, आणि त्याच गादीवर पुढे सरफोजीराजे दुसरे बसले. या सरफोजीराजांचे बालपणीचे पालक आणि शिक्षक होते ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. हे लूथरन मिशनरी १७५० साली भारतात आले आणि १७९८ साली तंजावरच्या भूमीतच त्यांनी देह ठेवला. तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री हेही त्यांचेच शिष्य. सरफोजीराजांच्या दरबारात भारतीय संगीताबरोबर पाश्चात्त्य वाद्यांनाही मानाचे स्थान होते. अशा मोकळ्या वातावरणात परके वाद्य या मातीचे झाले. वादकाने मांडी घालून बसावे, व्हायोलिनचा माथा पायाच्या घोट्याजवळ टेकवावा, आणि तारा षड्ज-पंचमात मिळवाव्यात, अशी त्याची नवी बैठक ठरली. लाकूड तेच राहिले. बोली मात्र बदलली.

गुरूच्या पायाशी

कावेरी आणि कपिला या नद्यांच्या संगमावर म्हैसूर प्रांतात तिरुमकूडलू नरसीपूर नावाचे गाव आहे. तेथे १८९५ साली चौडय्यांचा जन्म झाला. याच वर्षी मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आला नाही. परंतु परकी म्हणून ओळखली जाणारी गोष्ट आपल्या मातीच्या सुरात कशी मिळवावी, हा ध्यास दोघांच्याही वाट्याला आला.

१९१० साली, पंधराव्या वर्षी, चौडय्या म्हैसूरला बिडारम कृष्णप्पा यांच्याकडे शिकण्यास आले. कृष्णप्पा हे म्हैसूर दरबारचे मोठे गायक. मैफलींतून मिळालेल्या द्रव्यातून त्यांनी म्हैसुरात श्रीरामाचे मंदिर उभारले, यावरून त्यांच्या वृत्तीची कल्पना यावी. त्यांची शिस्त अत्यंत कडक होती. सुमारे आठ वर्षे, म्हणजे १९१८ पर्यंत, चौडय्या त्यांच्या हाताखाली घडले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गुरू गायक होते आणि शिष्याच्या हाती व्हायोलिन होते. म्हणजे चौडय्यांच्या कानांवर रोज पडत होता तो मनुष्याचा कंठ. गळ्यातून जो श्वास, जो भार आणि जे आर्जव निघते, तेच गजाखालून निघाले पाहिजे, हा त्यांचा धडा. चार तारांतून गळा काढावयाचा! पुढील सारी धडपड या एका वाक्यात आली आहे, असे म्हटले तरी चालेल.

चार तारा अपुऱ्या पडल्या

शिक्षण संपवून चौडय्या साथीसाठी बसू लागले आणि थोड्याच वर्षांत त्यांचे नाव सर्वत्र झाले. १९२७ च्या सुमारास ते आघाडीचे साथीदार म्हणून ओळखले जात होते. ज्याला यश म्हणतात ते मिळाले होते. तरीही त्यांचे मन अस्वस्थ होते.

त्या काळची मैफल डोळ्यांसमोर आणा. ध्वनिक्षेपक नाही. देवळाच्या प्रांगणात किंवा लग्नाच्या मांडवात शेकडो माणसे दाटीवाटीने बसलेली. मध्यभागी बुलंद आवाजाचा गायक. एका बाजूला मृदंगम, कधी जोडीला घटम. आणि या साऱ्यात व्हायोलिन, ज्याचा नाद मुळातच नाजूक आणि जो बंद दालनासाठी योग्य. पुढच्या दहा रांगांना ते ऐकू येई. मागच्यांना केवळ गज हलताना दिसे. गायकाने घेतलेल्या आलापाला साथीदार काय उत्तर देतो, हे कर्नाटक मैफलीतील मोठे सुख. ते सुख मागे बसलेल्या गरिबाला मिळत नव्हते.

जोराने गज ओढला, तर आवाज मोठा होतो. परंतु तो कर्कशही होतो. जाड तार लावली, तर भार येतो. परंतु चपळाई जाते. या कोंडीतून चौडय्यांनी वेगळाच मार्ग काढला. चार तारांच्या वाद्यात त्यांनी आणखी तीन तारांची भर घातली. या तीन तारा मूळच्या तारांच्या जोडीदार म्हणून बसल्या. एकाच बोटाखाली दोन तारा दाबल्या जाव्यात आणि एकाच गजाने दोन्ही बोलाव्यात, अशी ती योजना होती.

हे तत्त्व समजण्यास कठीण नाही. पियानोचे आतील अंग पाहिले असेल, तर बहुतेक स्वरांसाठी दोन किंवा तीन तारा शेजारी शेजारी ताणलेल्या दिसतील. मँडोलिनच्या आठ तारा म्हणजे चार जोड्याच. दोन तारा एकत्र बोलल्या की नाद भरदार होतो, त्याला अंग येते. मात्र पियानोची तार हातोडी वाजवते आणि मँडोलिनची तार नखी छेडते. व्हायोलिनमध्ये गज सतत घासत राहतो आणि खाली पडदे नसतात. बोट केसभर चुकले, तर एका तारेचा बेसूर दोन तारांतून बाहेर पडणार! खुंट्या वाढतात, घोडीवरील ताण वाढतो, बोटपट्टीवरील अंतरे बदलतात. तारा मिळवण्याचे काम जवळजवळ दुप्पट होते.

आता या निर्णयाचे मोल पाहा. वय बत्तीस. नाव झालेले. बोटांना सतरा वर्षांची सवय एकाच मांडणीची. असा मनुष्य सहसा आहे ते जपतो. नवे वाद्य हाती घेणे म्हणजे काही काळ पुन्हा विद्यार्थी होणे, आणि तेही लोकांच्या देखत. शिवाय कडक शिस्तीचे गुरू अद्याप हयात होते. त्यांनी ज्या वाद्यावर घडवले ते बाजूला ठेवून दुसरे उचलणे ही लहान गोष्ट नव्हती. चौडय्यांनी ते धैर्य केले. सात तारांचे व्हायोलिन हीच पुढे त्यांची ओळख झाली.

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असाच प्रश्न पडला होता. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांच्या गदारोळात गिटार ऐकूच येत नसे. तेथील कारागिरांनी तारेखाली लोहचुंबक बसवून तिचे कंपन विजेच्या साहाय्याने वाढवण्याची युक्ती काढली. रिकेनबॅकर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार १९३२ च्या सुमारास बाजारात आली. पुढे सिस्टर रोझेटा थार्प या अमेरिकन गायिकेने तीच गिटार गॉस्पेल गीतांसाठी वापरली, तेव्हा काही चर्चमधून नाराजीचे सूर निघाले. म्हैसूरच्या वादकाजवळ वीज नव्हती. त्याने तारा वाढवल्या. अमेरिकेच्या कारागिरांजवळ वीज होती. त्यांनी ती तारेला जोडली. तळमळ मात्र एकच होती, की मागे बसलेल्याला ऐकू यावे.

आक्षेप आणि साथीचा धर्म

नव्या गोष्टीला टीका चुकत नाही. या नादात भार आहे, पण व्हायोलिनचा मूळचा कोवळेपणा हरवतो, असे म्हणणारे रसिक होते. त्या पिढीत दक्षिणेत व्हायोलिनची तीन नावे एका श्वासात घेतली जात : द्वारम वेंकटस्वामी नायडू, कुंभकोणम राजमाणिकम पिळ्ळै आणि चौडय्या. नायडूंचा स्वर मुलायम; तो जवळ बसून ऐकावा. राजमाणिकम पिळ्ळै यांच्या साथीतील माधुर्य आणि संयम वाखाणला जाई. या दोघांनी चार तारांवरच आपले कार्य केले आणि तेही थोरच ठरले. म्हणजे सात तारा घेतल्याखेरीज मोठे होता येत नाही, असे मुळीच नाही. ज्याला जे काम नेमून दिले, त्याला त्या कामाचे साधन शोधावे लागते.

टीकेत तथ्याचा एक कण अवश्य होता. साथीदाराच्या हाती अधिक मोठा आवाज आला की मोहही येतो. मुख्य गायक बाजूला राहावा आणि आपणच ऐकू यावे, असे वाटू लागते. साथ करणाऱ्याचे काम मोठे अवघड असते. गायकाच्या अर्धे पाऊल मागे राहावे, त्याची जागा ओळखून ती उचलावी, तो थांबला की पोकळी भरावी आणि तो पुन्हा सुरू झाला की नम्रपणे मागे सरावे.

या कसोटीवर चौडय्यांना तोलावयाचे, तर त्यांच्यासोबत कोण बसले ते पाहावे. अरियकुडी रामानुज अय्यंगार, चेंबई वैद्यनाथ भागवतर, मुसिरी सुब्रमण्य अय्यर अशा त्या काळच्या अग्रगण्य गायकांना त्यांनी साथ केली. चेंबईंशी तर त्यांचे जन्माचे मैत्र जडले. चेंबईंचा आवाज घनगंभीर आणि भरदार. त्याच्या शेजारी सात तारांचा नाद शोभून दिसे. त्यांच्या जोडीला पालघाट मणी अय्यर यांचा मृदंगम असला म्हणजे ती मैफल श्रोत्यांना पर्वणी वाटे. साथीदार गायकावर कुरघोडी करत असता, तर एवढ्या थोर गायकांनी त्याला वारंवार शेजारी बसवले नसते. भलामोठा आवाज हाती असूनही तो आवरता येणे, ही चौडय्यांची खरी कमाई होती.

उत्तरायुष्य

१९३१ साली बिडारम कृष्णप्पा निवर्तले. चौडय्यांनी गुरूचे मंदिर आणि तेथील संगीतसेवा यांकडे दुर्लक्ष होऊ दिले नाही. ज्या गुरूच्या चार तारा त्यांनी मागे ठेवल्या, त्या गुरूचे ऋण त्यांनी अखेरपर्यंत मस्तकी वाहिले, हे विसरता कामा नये. साधन बदलले म्हणून निष्ठा बदलली असे होत नाही.

म्हैसूरच्या राजघराण्याने त्यांना दरबारी सन्मान दिला. त्यांनी त्रिमकुट या मुद्रेने कृती रचल्या. ते आपल्या जन्मगावाचेच स्मरण होते. म्हैसुरात त्यांनी अय्यनार संगीत महाविद्यालय चालवून अनेक शिष्य घडवले. वाणी या १९४३ च्या कन्नड चित्रपटाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. १९५७ साली मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने त्यांना संगीत कलानिधी ही पदवी दिली. कर्नाटक संगीतात यापरता मोठा मान क्वचितच मानला जातो. जानेवारी १९६७ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, या कथेचा शेवट थोडा विचार करावयास लावणारा आहे. १९३० च्या दशकापासून दक्षिणेतील मैफलींत ध्वनिक्षेपक हळूहळू आला. जे काम सात तारा करत होत्या ते काम एक यंत्र करू लागले. सात तारांची वाट पुढे रुंद झाली नाही. आज कर्नाटक संगीतातील बहुसंख्य व्हायोलिनवादक चार तारांवरच वाजवतात. ज्या शोधासाठी एवढे सायास केले, तो शोध रूढ झाला नाही. मग ते श्रम वाया गेले काय?

मला तसे वाटत नाही. चाळीस वर्षे जे लोक मांडवाच्या टोकाला बसले होते, त्यांना त्या तारांनी तृप्त केले. ती तृप्ती कोणी परत घेऊ शकत नाही. देव आपल्याला आपल्या पिढीच्या सेवेसाठी साधने देतो. ती साधने चिरंतन असावीत असे त्याने कोठे म्हटले आहे? नोहाच्या तारवाचे काम एका जलप्रलयापुरते होते. अरण्यातील निवासमंडपाची जागा पुढे मंदिराने घेतली. तरीही ज्या हातांनी तो मंडप विणला, त्या बसालेल आणि अहलियाब यांची नावे शास्त्राने जपून ठेवली आहेत.

आपल्यासाठी

स्तोत्रसंहिता उघडून पाहा. तेहतिसाव्या, ब्याण्णवाव्या आणि एकशे चव्वेचाळिसाव्या स्तोत्रांत दहा तारांच्या वाद्याचा उल्लेख आहे. स्तोत्रकर्त्याला तारा किती हे सांगावेसे वाटले, यात मला मोठे सांत्वन वाटते. वाद्याच्या बारकाव्याचा विचार करणे हे भक्तीच्या विरुद्ध आहे, असे त्याला वाटले नाही. शौल राजाच्या अस्वस्थ मनाला दाविदाच्या वीणेने विसावा दिला. ती वीणा सुरात नसती तर राजाची व्यथा वाढलीच असती. प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला बासरीचे आणि वीणेचे उदाहरण देऊन समजावले, की नाद स्पष्ट नसेल तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

म्हणून मंडळीतील तरुण वादकाला प्रथम सांगावेसे वाटते : बाळा, चांगल्या नादाचा तुझा शोध हलका नाही. परंतु गिटार बदलण्यापूर्वी चौडय्यांचा क्रम ध्यानात घे. त्यांनी चार तारांवर सतरा वर्षे घाम गाळला आणि मगच पाचवी तार मागितली. जे हाती आहे ते पूर्ण शिकून झाल्यावर जी उणीव उरते, तीच खरी उणीव. त्यापूर्वी वाटते ती पुष्कळदा आपल्या आळसाची पळवाट असते. दुसरे असे, की नवा नाद कोणासाठी हवा आहे, हे गुडघे टेकून स्वतःला विचार. मागच्या बाकावरील म्हातारीला गीत नीट ऐकू यावे म्हणून, की आपले नाव व्हावे म्हणून? उपासनेत आपण सारे साथीदार आहोत. मुख्य गायक दुसराच आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपली जागा ओळखली होती. तो मोठा होत जावा आणि मी लहान व्हावे, यातच त्याने आपला आनंद मानला.

आणि वडीलधाऱ्यांनो, तुम्हालाही एक विनंती. जो हार्मोनियम आज तुम्हाला आपल्या उपासनेचा प्राण वाटतो, तोही एके काळी समुद्रापलीकडून आलेला पाहुणाच होता. टिळकांनी भजने आणि अभंग आपल्या उपासनेत आणले, तेव्हा त्यांचे सूर देवळाचे म्हणून संकोचणारे लोकही होतेच. आज तीच भजने आपण डोळे मिटून गातो. नव्या वाद्याकडे पाहून लगेच कपाळाला आठ्या घालू नका. वाजवणाऱ्याचे मन तपासा, त्याला शिस्त लावा, बिडारम कृष्णप्पांसारखे कठोर व्हा. पण त्याच्या हातातील तारा मोजत बसू नका.

बेंगळुरूच्या त्या सभागृहात आज ध्वनिक्षेपक आहेत. शेवटच्या रांगेतही सारे स्वच्छ ऐकू येते. तेथे बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ही वास्तू ज्याच्या नावाची आहे त्याने याच शेवटच्या रांगेसाठी आपले चालते वाद्य बाजूला ठेवले होते? पुढच्या रांगांना ऐकू जाते यात त्याने समाधान मानले नाही. आपल्या प्रभूनेही नव्याण्णव मेंढरांवर समाधान मानले नव्हते. आपल्या गावात, आपल्या गल्लीत, सुवार्तेचा स्वर ज्यांच्यापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही अशी शेवटची रांग कोणती, याचा विचार करा. आणि ती ऐकू शकेल अशी एक तार आपल्या जीवनाला जोडून मिळावी, अशी प्रार्थना करा.